रकाना दहा

फॉर्म कानडीत, सूचनांचं पुस्तक इंग्रजीत,
आणि मी खानापूरच्या मराठी शाळेची
दुसरीच्या वर्गाची बाई.
गळ्यात ओळखपत्र, त्यावर माझंच नाव
जी अक्षरं मी तिशीत शिकले, नोकरीसाठी, त्या अक्षरांत.

कुंभारगल्लीत एकशे सोळा घरं.
दारावर खडूनं आकडा घातला की पोरं विचारत,
"बाई, पोलिओ काय?"
"नाही रे. आपण किती आहोत ते मोजूलालेत."
"कोण मोजूलालेत?"
मी वर बोट केलं.
वर कौलं होती.

मग सांगितलं: इथून तालुक्याला, तिथून बेळगावला,
बेंगळूर, दिल्ली. आकडा चढत जातो बघ.
उतरताना कधी नळ होऊन येतो, कधी रस्ता,
कधी खासदार होऊन येतो पाच वर्षांतून एकदा,
कधी वाटेत धारवाडलाच उतरतो.

गल्लीच्या तोंडाशी यल्लुप्पा, न विचारता:
"मराठीच घाला बाई, टक्का घसरलाय."
दुपारी सुपरवायझर हिरेमठसर, कागदावर पेन्सिल आपटत:
"नोड्री मेडम, सरियागि बरीरि."
दोघांनाही मी खरं तेच लिहायला हवं होतं.
आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण'सुद्धा.

घर एकाहत्तर. सातव्वा.
वय?
"ऐंशी लिही. जास्त झालं तर परत देईन."
मातृभाषा?
"आई मी तीन म्हैन्यांची असताना गेली.
कित्तूरकडची. काय बोलायची कुणाला ठाऊक.
मावशीनं वाढवलं, लोंढ्याच्या, ती रागवायची कोकणीत.
नवरा मराठीत मारायचा, कानडीत समजूत काढायचा.
आणि दूध म्हणशील तर शेळीचं प्यालेय.
शेळीची भाषा लिही की."

पुस्तकात शेळी नव्हती.
तान्ही मुलं आणि मुकी माणसं: आईची भाषा लिहावी,
एवढंच होतं.
दहाव्या रकान्यात एकच मावते.
उरलेल्या अकराव्यात, त्याही दोनच.

मी काय लिहिलं ते सांगणार नाही.
जनगणनेतलं उत्तर गुप्त असतं, कायदा आहे.

अठ्ठावीसच्या रात्री बेघर मोजायला स्टँडवर गेलो.
हुबळीची शेवटची गाडी गेलेली,
कोल्हापूरची म्हणे वाटेत बंद पडलेली.
सात माणसं, एक कुत्रं.
सातवा उठलाच नाही. त्याचे रकाने
मी आणि हिरेमठसरांनी मिळून,
चहा पीत, अंदाजानं भरले.
त्या रात्री पहिल्यांदा ते माझ्याशी मराठीत बोलले.
बरं बोलतात.

पहिल्या मार्चपासून पुनर्फेरी.
नियम असा: रात्री बाराच्या आत गेलेला खोडायचा,
बारानंतर गेलेला ठेवायचा.

घर एकाहत्तर.
चाकावर गोणपाट टाकलेलं. माती भिजवून तशीच.
"कधी?"
परसूनं भिंतीकडे बघितलं.
"घड्याळात बारा वाजून सात."
सून म्हणाली, "खरं, ते पुढं आहे की.
पॅसेंजर चुकू नये म्हणून. दहा मिनिटं."
"पाच," परसू म्हणाला. "पाचच असंल."
"दहा हो. मीच केलंय."
असं थोडा वेळ चाललं. मग सून गप्प झाली.
त्यांना माझा नियम माहीत नव्हता.
मी सांगितला नव्हता.

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं,
जणू ते परवाचं काही सांगणार होतं.
मग पेनाला टोपण लावलं.

महिन्याभरानं पेपरात आकडा आला,
एकशे एकवीस कोटी आणि वर काही.
एकं, दहं, शतक,
बोट ठेवून वाचला, माझ्या पोरांसारखा.
त्यात एक जास्त निघालं
तर कुंभारगल्लीत चौकशी करा.
ती म्हणाली होती,
जास्त झालं तर परत देईन.